ओटी आधी की अँजिओ आधी? पोट आणि पेल्व्हिस दोन्हीकडून ब्लीड होणारा पेशंट तुम्ही कसा हाताळता

रात्रपाळी_रेसिडेंट

नमस्कार मंडळी. जनरल सर्जरी रेसिडेंट आहे, दुसरं वर्ष. बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, थोडा लांबलाय पण प्लीज पूर्ण वाचा.

समजा मोठा अ‍ॅक्सिडेंट झालेला पेशंट आलाय. बीपी ७० च्या आसपास, पल्स १४०, फास्टमध्ये (पोटाची झटपट सोनोग्राफी) पोटात रक्त दिसतंय आणि एक्स-रेमध्ये पेल्व्हिस (कमरेच्या हाडांचं कडं) पण उघडलाय. रक्त चढवलं की बीपी ९० पर्यंत जातं आणि परत खाली येतं. आम्हाला शिकवलंय की अनस्टेबल पेशंट ओटीत (ऑपरेशन थिएटर) घ्यायचा, स्टेबल असेल तर सीटी करायचा आणि ब्लश (वाहिनीबाहेर झिरपणारा डाय) दिसला तर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीला (आयआर, म्हणजे डाय सोडून वाहिन्या बघणारे, अँजिओ करणारे आणि आतूनच रक्त थांबवणारे) द्यायचा. ऐकायला एकदम सोपं. पण हा पेशंट ओटीत घेतला, पोट उघडलं, लिव्हर पॅक केलं आणि मग दिसतं की पेल्व्हिसमधला हिमॅटोमा (साचलेलं रक्त) वाढतच चाललाय, किंवा पॅकच्या मागून लिव्हर अजून लालभडक रक्त सोडतंय. मग आयआरला फोन जातो, ते घरून निघतात, तोवर पेशंट ३४ डिग्रीवर आलेला असतो, टाके घातले तिथून पण झिरपायला लागतं, आणि त्याला ट्रॉलीवर घालून दुसऱ्या मजल्यावरच्या कॅथलॅबमध्ये (अँजिओची खोली) न्यायचं. लिफ्टमध्ये बॅग दाबत उभं राहताना मला प्रत्येक वेळी वाटतं की हे असंच व्हायला हवं का?

हायब्रिड रूमबद्दल वाचलंय, म्हणजे सर्जन आणि आयआर एकाच टेबलावर काम करतात. माझे प्रश्न असे की यात खरंच जीव वाचतात का, की फक्त भारी मशिन आहे? दोघं एकाच वेळी काम करतात म्हणजे नेमकं कोण कधी काय करतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, जिथे अशी रूम नाहीये तिथे आपण काय करू शकतो? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

पोटफाड्या_सर्जन

चांगला प्रश्न आहे बाळा, आणि तो लिफ्टमधला अनुभव इथल्या प्रत्येक ट्रॉमा सर्जनच्या गाठीशी असणार.

पहिली गोष्ट. "ओटी आधी की अँजिओ आधी" हा प्रश्न मुळात जागेमुळे तयार झालाय, रोगामुळे नाही. पेशंटच्या शरीराला काही पडलेली नाही की ब्लीडिंग कुठल्या डिपार्टमेंटचं आहे. ओटी एका मजल्यावर आणि कॅथलॅब दुसऱ्या मजल्यावर बांधली म्हणून आपल्याला निवड करावी लागते. तुझ्या पेशंटला दोन वेगवेगळ्या प्रकारचं ब्लीडिंग आहे. एक असं जे हाताने आणि पॅकने थांबतं, आणि दुसरं असं जे फक्त रक्तवाहिनीच्या आतून जाऊन थांबतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

लिव्हरचंच घे. पोट उघडलंस, दोन्ही हातांनी लिव्हर दाबलंस, थांबत नसेल तर प्रिंगल (चिमटा) लावलंस म्हणजे लिव्हरला रक्त नेणाऱ्या पोर्टल व्हेन आणि हिपॅटिक आर्टरी दोन्ही बंद. आता पॅक (दाबून बसवायचे कापडी मॉप) घातले. पॅकने व्हेनचं रक्त थांबतं कारण तिथे प्रेशर कमी असतं. पण लिव्हरच्या आत खोलवर आर्टरीची फांदी तुटलेली असेल तर पॅक तिला पुरत नाही, प्रिंगल सोडलं की परत सुरू. तिथे सर्जनने लिव्हर फाडत फाडत आत जायचा हट्ट धरला की पेशंट गेलाच समज. तिथे हात थांबवायचा, पॅक ठेवायचे, पोट उघडंच ठेवून वरून तात्पुरतं झाकायचं आणि आयआरने आतून ती फांदी बंद करायची. आणि हे आयसीयूत जायच्या आधी, आयसीयूत जाऊन चार तास वाट बघून नाही. उलट प्रिंगल लावूनही मागून काळं रक्त येतच असेल तर ती हिपॅटिक व्हेन किंवा लिव्हरमागची आयव्हीसी (पोटातली मुख्य व्हेन) आहे, तिथे एम्बोलायझेशनचा (आतून आर्टरी बंद करण्याचा) काही उपयोग नाही, तिथे पॅकच तुझा देव.

पेल्व्हिसचं उलटं. तिथे बहुतेक रक्त व्हेनमधून आणि मोडलेल्या हाडाच्या तोंडातून येतं, आर्टरीचा वाटा कमी. म्हणून मी आधी बाइंडर (पेल्व्हिस आवळणारा पट्टा) लावतो (ग्रेटर ट्रोकँटरवर, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यावर, कमरेवर नाही, हे अजूनही चुकतं लोकांचं) आणि प्रीपेरिटोनियल पॅकिंग करतो. प्युबिसच्या वर छोटा मधला कट, पेरिटोनियम न उघडता दोन्ही बाजूंना तीन-तीन मॉप आत सारायचे, सरावाच्या हाताला वीस मिनिटांच्या आत होतं. मात्र मागे हाड घट्ट धरलेलं हवं, नाहीतर पॅक कशावर दाबणार? लॅपरोटॉमी (पोट उघडणं) पण करायची असेल तर हा कट शक्यतो वेगळा ठेव, वरच्या कटला जोडू नकोस, नाहीतर हिमॅटोमा पोटात फुटतो आणि पॅकचा दाब जातो.

वेळेबद्दल एकच आकडा सांगतो. २००२ साली क्लार्क आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, पोटातून ब्लीड होणारे आणि बीपी पडलेले पेशंट. इमर्जन्सी रूममध्ये घालवलेल्या दर तीन मिनिटांमागे मृत्यूची शक्यता साधारण १ टक्क्याने वाढत होती, दीड तासापर्यंत. आता तुझ्या लिफ्टचा आणि आयआरची वाट बघण्याचा हिशोब तूच कर.

कॅथेटर_आणि_क्वाइल

सर्जन सरांशी नव्वद टक्के सहमत, दहा टक्क्यांवर भांडणार आहे, पण आधी आयआरच्या बाजूने काही गोष्टी सांगतो कारण आमचं काम नेमकं काय आणि किती वेळात होतं हे सर्जरीच्या पोरांना कुणी सांगतच नाही.

आम्हाला फोन येतो तेव्हा सगळं हातातून गेलेलं असतं. तहान लागल्यावर विहीर खोदायला घेतात. बीपी ५०, फेमोरल लागत नाही, आर्टरी आकसून दोरीसारखी झालेली, त्यात बाइंडर मांडीच्या सांध्यावरच बसवलेला. हेच जर पेशंट आल्या आल्या, बीपी थोडं तरी असताना, कुणीतरी अल्ट्रासाउंडखाली कॉमन फेमोरलमध्ये (मांडीच्या सांध्याजवळची आर्टरी) छोटी शीथ (आत शिरायची नळी) टाकून ठेवली असती तर पुढचं सगळं काम अर्ध्यावर आलं असतं. शीथ टाकली म्हणजे अँजिओ करायचंच असं नाही, तिच्यावर आर्टेरियल लाइन म्हणून बीपी बघता येतं, गरज पडली तर तिथूनच आम्ही आत जातो. हायब्रिडचा अर्धा फायदा मला या एका सवयीत दिसतो आणि त्याला रूम लागत नाही.

दुसरं, इमर्जन्सीतलं एम्बोलायझेशन हे दिवसाढवळ्या आरामात करतो त्या केससारखं नसतं. सर्जरीत जसं डॅमेज कंट्रोल आलं (१९९३ मध्ये रोटोंडो आणि श्वाब यांच्या ग्रुपने ते नाव रूढ केलं, फक्त रक्त थांबवा, घाण थांबवा, बाहेर पडा, बाकी नंतर) तसंच आमच्यातही हवं. पेल्व्हिसमध्ये प्रत्येक बारीक फांदीत मायक्रोकॅथेटर घालत बसायचं नाही. पेशंट मरणाच्या दारात असेल तर दोन्ही इंटर्नल इलियाकमध्ये (पेल्व्हिसला रक्त देणाऱ्या आर्टरी) जेलफोमचा (विरघळणारा स्पंज) लगदा सोडायचा आणि बाहेर यायचं. जेलफोम काही आठवड्यांत विरघळतो, वाहिनी परत उघडू शकते. ग्लुटियल स्नायू खराब होण्याचा धोका आहे, तो मी नाकारत नाही, पण आधी माणूस जिवंत राहू दे.

क्वाइल (धातूची बारीक गुंडाळी), जेलफोम आणि ग्लू यात फरक काय हे रेसिडेंटने समजून घ्यावं. क्वाइल आणि जेलफोम स्वतः वाहिनी पूर्ण बंद करत नाहीत, त्यांच्याभोवती पेशंटचं रक्त गोठावं लागतं. पेशंट गार पडलाय, रक्त गोठतच नाहीये, तर क्वाइलच्या जाळीतून रक्त आरामात वाहत राहतं. ग्लू मात्र रक्ताला लागताच स्वतः घट्ट होतो, त्याला प्लेटलेटची वाट बघावी लागत नाही. म्हणून कोअ‍ॅग्युलोपथी असताना हात बसलेला आयआर ग्लू काढतो. पण तो चुकीच्या जागी गेला तर परत आणता येत नाही, त्यामुळे नवख्या हाताने हे करू नये.

आणि एक सापळा. बीपी ६० असताना अँजिओत ब्लश दिसला नाही म्हणून "आर्टेरियल ब्लीड नाही" असं लिहून मोकळं होऊ नका. वाहिनी आकसलेली असते, प्रेशर नसतं, डाय बाहेर येतच नाही. अचानक तुटलेली, टोक बोथट झालेली फांदी दिसली तरी ती बंद करावी.

आता भांडण. सर म्हणतात पेल्व्हिसमध्ये आधी पॅकिंग. आयआर यायला तासभर लागणार असेल तर शंभर टक्के बरोबर. पण मी टेबलाशेजारी लेड अ‍ॅप्रन घालून उभाच असेन तर? जे पेशंट रक्त देऊनही सावरत नाहीत त्यांच्यात आर्टेरियल ब्लीडचं प्रमाण सगळ्या पेल्व्हिक फ्रॅक्चरपेक्षा जास्त असतं. मग सर पोटात असतानाच मी खालून काम का सुरू करू नये?

पोटफाड्या_सर्जन

सुरू करा की, मी कुठे नाही म्हणतोय! तुम्ही आधीपासून तिथे असाल तर भांडणच मिटलं. मी वरून लिव्हर दाबून धरतो, तुम्ही इंटर्नल इलियाकमध्ये जा. माझं म्हणणं एवढंच की वाट बघत बसायचं नाही, जो हजर आहे त्याने आपल्या हातातलं करायचं.

भूलवाली_ताई

दोघंही रक्तवाहिन्यांवर बोलताय, आता डोक्याकडच्या बाजूने बोलते कारण हायब्रिड म्हटलं की लोक सर्जन आणि आयआर एवढेच धरतात. पेशंट दोन तास जिवंत कोण ठेवतं?

रेसिडेंट, तू ३४ डिग्री लिहिलंस ते वाचून बरं वाटलं की तुझं तिकडे लक्ष आहे. गार पडणं, आम्लता आणि रक्त न गोठणं हे तिघं एकमेकांना ओढत नेतात, आणि त्यात आता कॅल्शियम धरतात कारण रक्ताच्या पिशवीतलं सायट्रेट कॅल्शियम बांधून टाकतं. चार-पाच पिशव्या गेल्या आणि आयोनाइज्ड कॅल्शियम बघितलंच नाही असं करू नका. रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड तीन तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, १ ग्रॅम दहा मिनिटांत आणि पुढचा १ ग्रॅम आठ तासांत. २०१० च्या क्रॅश-२ या ट्रायलमध्ये वीस हजारांवर पेशंट होते आणि एकूण मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर आले, तीन तासांनंतर दिलं तर मात्र ब्लीडिंगने होणारे मृत्यू वाढलेले दिसले. रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट शक्यतो बरोबरीने. सलाइनच्या बाटल्या ओतत बसणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं, आणि ते पाणी पण गार.

बीपी १२० वर आणायच्या मागे लागू नका. ब्लीडिंग थांबेपर्यंत सिस्टोलिक ८० ते ९० पुरे. पण डोक्याला मार असेल तर हे चालत नाही, मेंदूला प्रेशर लागतं, आणि इथेच घोडं पेंड खातं कारण मोठ्या अ‍ॅक्सिडेंटमध्ये पोट आणि डोकं दोन्ही बऱ्याचदा एकत्र असतं. मग रक्त पटकन थांबवणं एवढाच मार्ग उरतो.

आता एकाच टेबलावर काम करताना काय होतं ते सांगते. आयआरला टेबल पुढे-मागे सरकवावं लागतं, सी-आर्म (फिरता एक्स-रे) फिरवावा लागतो. माझी ट्यूब, माझ्या सेंट्रल लाइन्स, वॉर्मर, रॅपिड इन्फ्युजर सगळं त्याबरोबर ओढलं जातं. टेबल पहिल्यांदा हलायच्या आधी एकदा कोरडी फेरी मारून घ्यायची, टेबल पूर्ण टोकापर्यंत नेऊन बघायचं की कुठली नळी ताणतेय. सगळ्या नळ्यांना एक्स्टेन्शन. कफ आणि मोठ्या लाइन्स आयआर ज्या बाजूने काम करणार त्याच्या विरुद्ध बाजूला. अँजिओच्या खोल्या मशिनसाठी गार ठेवलेल्या असतात आणि पेशंटचं पोट उघडं असतं, म्हणून एसीचा रिमोट कुणाच्या हातात आहे हे मी आत शिरल्या शिरल्या विचारते. लोकांना हे क्षुल्लक वाटतं. नाहीये.

आणि "फ्लुरो ऑन" (चालता एक्स-रे सुरू) असं मोठ्याने म्हटल्याशिवाय कुणी पाय पेडलवर ठेवायचा नाही. सर्जनचे हात पोटात असतात त्या वेळी, बीमच्या मधोमध.

पुरावा_कुठाय

सगळ्यांनी छान लिहिलंय, पण मूळ प्रश्न होता की जीव वाचतात का, त्यावर अजून कुणी बोललं नाही.

जपानमध्ये ओसाकाच्या एका हॉस्पिटलने २०११ मध्ये हायब्रिड इमर्जन्सी रूम सुरू केली. ओटी हायब्रिड नव्हे, इमर्जन्सी रूमच तशी. पेशंट अ‍ॅम्ब्युलन्समधून थेट त्या टेबलावर येतो, सीटीचं मशिन सरकत त्याच्यापर्यंत येतं, त्याच टेबलावर अँजिओ, त्याच टेबलावर ऑपरेशन, पेशंटला कुठेच हलवायचं नाही. किनोशिता आणि सहकाऱ्यांनी त्याचा निकाल २०१९ मध्ये छापला. आधीच्या चार वर्षांतले ३३६ पेशंट आणि नंतरच्या चार वर्षांतले ३६०. सीटी सुरू व्हायचा वेळ २६ मिनिटांवरून ११ वर आला, रक्त थांबवण्याचं किंवा इमर्जन्सी प्रोसीजर सुरू व्हायचा वेळ ६८ वरून ४७ वर, आणि २८ दिवसांतले मृत्यू २२ टक्क्यांवरून १५ वर. रक्तस्रावाने होणारे मृत्यू पण कमी झाले.

आकडे भारी आहेत, पण हा आधी आणि नंतर असा अभ्यास आहे, एकाच हॉस्पिटलचा. त्या चार वर्षांत रक्त देण्याची पद्धत बदलली, टीम मुरली, सगळं श्रेय रूमला देता येत नाही. रँडमायझेशन करून झालेला ट्रायल नाहीये. कॅनडात कॅलगरीच्या मंडळींनी अशाच कल्पनेला रॅप्टर नाव दिलं, स्वीडनमध्ये ओरेब्रोची टीम आतून रक्त थांबवण्याच्या तंत्रावर बरीच वर्षं काम करतेय, त्यांचं काम वाचण्यासारखं आहे, पण तिथेही मुख्यतः निरीक्षणावर आधारित पुरावा आहे.

आणि नवीन तंत्र म्हणजे फायदाच असं गृहीत धरू नका म्हणून रिबोआचं उदाहरण देतो. एओर्टात (शरीराची मुख्य आर्टरी) फुगा फुगवून खालचं रक्त थांबवायचं, कल्पना कोरियन युद्धापासूनची, १९५४ मध्ये ह्यूजने छापली होती. सगळ्यांना वाटत होतं की हे जीव वाचवणार. ब्रिटनमध्ये रँडमाइज्ड ट्रायल झाला, २०२३ मध्ये छापून आला, ९० पेशंट. फुगा वापरायच्या गटात ९० दिवसांत ५४ टक्के मृत्यू, नेहमीच्या उपचारात ४२ टक्के. ट्रायल लहान होता, पण कारण बघा, फुग्याच्या गटात रक्त कायमचं थांबवायला उशीर झाला. म्हणजे फुग्याने वेळ विकत घेतला आणि त्याहून जास्त वेळ तो लावण्यातच गेला.

म्हणून माझं मत असं की रूमसाठी पैसे मागायच्या आधी आपल्याकडे पेशंट दारात आल्यापासून रक्त थांबेपर्यंत किती मिनिटं जातात हे मोजा. बहुतेक ठिकाणी हे कुणी मोजतच नाही.

कॅथेटर_आणि_क्वाइल

रिबोआचा मुद्दा मान्य. पण त्यातून मी वेगळा निष्कर्ष काढतो, फुगा फुगवणारा माणूस आणि रक्त थांबवणारा माणूस एकाच खोलीत असते तर तो वेळ गेलाच नसता. तुमचा डेटा माझ्याच बाजूने बोलतोय. 🙂

आणि मोजण्याबद्दल, अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या २०२२ च्या मानकांत वरच्या दोन दर्जाच्या ट्रॉमा सेंटरसाठी आयआरची प्रोसीजर मागितल्यापासून ६० मिनिटांत सुरू व्हायला हवी असं आहे. मागितल्यापासून, हा शब्द लक्षात ठेवा. उशिरा मागितलं तर साठ मिनिटं पाळूनही पेशंट जातो.

ओटी_सिस्टर

मी डॉक्टर नाही, ट्रॉमा ओटीत सिस्टर आहे, वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. इथे सगळे काय करायचं ते सांगताय, ते करायला सामान कुठून येतं ते मी सांगते.

रात्री केस आली की सर्जन म्हणतात लॅपरोटॉमी सेट लावा. सेट लागतो, पेशंट साध्या टेबलावर घेतला जातो. मग अर्ध्यातून कळतं की आयआर सर इथेच येऊन सी-आर्मवर करतो म्हणतायत, पण टेबलाचा मधला भाग एक्स-रे आरपार जाऊ देत नाही, किंवा खालचा खांब नेमका पेल्व्हिसच्या खाली आहे आणि सी-आर्म आत जातच नाही. आता पोट उघडं असलेला पेशंट दुसऱ्या टेबलावर कसा घेणार? म्हणून आमच्याकडे मी हट्टच धरलाय, पेल्व्हिस किंवा लिव्हर अशी शंका असलेला प्रत्येक ट्रॉमा पेशंट पहिल्यापासून आरपार दिसणाऱ्या टेबलावरच घ्यायचा आणि टेबल अशा बाजूने लावायचं की सी-आर्मला जागा राहील. यात एक पैसा जास्त लागत नाही.

ड्रेपिंग छातीपासून गुडघ्यापर्यंत, दोन्ही मांड्यांचे सांधे उघडे. सर्जनचा ड्रेप मांडीवरून गेला की आयआर सरांना परत सगळं धुवून झाकावं लागतं आणि त्यात वेळ जातो. बाइंडर असेल तर तो तसाच ठेवून मांडीजवळ शीथपुरती जागा कापून घेतात किंवा थोडा खाली सरकवतात, पूर्ण सोडत नाहीत.

मॉपची गोष्ट महत्त्वाची. पोटात पॅक ठेवले की त्यांची निळी पट्टी फ्लुरोवर चमकते, आणि ती नेमकी लिव्हरच्या आर्टरीवर येऊ शकते. तर कुठे किती ठेवले हे मी फळ्यावर लिहिते आणि आयआर सरांना तोंडी पण सांगते, नाहीतर ते म्हणतात हे काय मधेच. शिवाय दोन दिवसांनी पॅक काढताना मोजणी जुळायला हवी, पहिल्या रात्री कोण होतं हे तेव्हा कुणालाच आठवत नाही.

आयआरची वेगळी ट्रॉली आमच्या ओटीतच ठेवून घेतली आहे, शीथ, वायर, दोन-तीन आकाराचे कॅथेटर, जेलफोम, डाय. आणि लेड अ‍ॅप्रन ओटीच्या दाराशीच, केस सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी गाउनच्या आत घालायचे. मधेच घालायचे म्हटलं की परत स्क्रब करावं लागतं.

भूलवाली_ताई

सिस्टर, तुमची पोस्ट प्रिंट काढून आमच्या ओटीत लावणार आहे, खरंच.

रात्रपाळी_रेसिडेंट

सर, मॅडम, सिस्टर, सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुठल्याच लेक्चरमध्ये ऐकलं नव्हतं. सिस्टरांचा टेबलाचा मुद्दा तर मी उद्याच जाऊन बघणार आहे.

दोन गोष्टी अजून विचारतो. एक, दोघं एकत्र काम करतायत तेव्हा शेवटचा शब्द कुणाचा? आमच्याकडे दोन सीनियर एकाच खोलीत आले की रेसिडेंटचा जीव टांगणीला लागतो. आणि दोन, पोट-पेल्व्हिस सोडून अजून कुठे हे एकत्र करण्याचा खरा फायदा आहे?

पोटफाड्या_सर्जन

शेवटचा शब्द टीम लीडरचा, आणि टीम लीडरने शक्यतो ग्लोव्ह घालायचे नाहीत. ज्याचे हात पोटात आहेत त्याला फक्त पोट दिसतं, ज्याचे डोळे स्क्रीनवर आहेत त्याला फक्त स्क्रीन दिसते. पायाशी उभा राहून बीपी, तापमान, किती पिशव्या गेल्या आणि किती वेळ झाला हे बघणारा एक माणूस हवा आणि त्याने म्हटलं "थांबा, बास" की दोघांनी थांबायचं. लीडर सर्जनच असला पाहिजे असं काही नाही, इमर्जन्सी किंवा भूलतज्ज्ञ असला तरी चालतो, फक्त तो कोण हे पेशंट यायच्या आधी ठरलेलं हवं. पेशंट आल्यावर ठरवायला गेलात तर ज्याचा आवाज मोठा तो लीडर होतो, आणि ते मी फार वेळा पाहिलंय.

दुसऱ्या प्रश्नाला माझं आवडतं उदाहरण म्हणजे सबक्लेव्हियन आर्टरी. कॉलरबोनच्या मागे बसलेली असते, बाहेरून दाबता येत नाही, उघडायला जायचं तर हाड कापा नाहीतर छाती उघडा, आणि तोवर पेशंट रिकामा होतो. आयआरने मांडीतून किंवा हातातून जाऊन वरच्या बाजूला फुगा फुगवून ठेवला की मला कोरड्या मैदानात काम करता येतं. किंवा इजा तशी असेल तर कव्हर्ड स्टेंट (आतून बसवायची झाकलेली नळी) टाकला की उघडायचीच गरज नाही.

कॅथेटर_आणि_क्वाइल

स्प्लीनचं पण सांगतो, कारण तिथे लोक उलट्या बाजूने चुकतात. बीपी पडलेला आणि फक्त स्प्लीन फुटलेला पेशंट असेल तर तो सर्जनचा, काढून टाका, दहा-पंधरा मिनिटांत रक्त बंद होतं, तिथे आम्हाला बोलवून वेळ घालवू नका. स्टेबल आहे, सीटीत मोठी इजा किंवा ब्लश आहे, तर आम्ही मुख्य स्प्लेनिक आर्टरीत क्वाइल टाकून प्रेशर कमी करतो, शॉर्ट गॅस्ट्रिक वगैरे आडवाटांनी स्प्लीनला रक्त मिळत राहतं आणि अवयव वाचतो. एकत्र म्हणजे प्रत्येक केसमध्ये दोघांनी हात घालायचा असा अर्थ नाही.

थोरॅसिक एओर्टाची ब्लंट इजा असेल आणि ती बाहेर फुटलेली नसेल तर ती रांगेत मागे ठेवा. बीपी आणि पल्स ताब्यात ठेवून आधी पोट-पेल्व्हिसचं रक्त थांबवा, स्टेंट ग्राफ्ट नंतर. आणि लिव्हर एम्बोलाइज केल्यावर पुढचे काही दिवस डोळ्यात तेल घालून बघा, पित्त गळणं, लिव्हरचा भाग सडणं, गॉलब्लॅडर खराब होणं, अ‍ॅब्सेस हे सगळं होऊ शकतं. केस रात्री संपत नाही.

पुरावा_कुठाय

मी विरोधात नाही हे स्पष्ट करतो. रेसिडेंट, हायब्रिड रूम तुझ्या हातात नाही पण एक गोष्ट आहे. तुमच्याकडे मॅसिव्ह ट्रान्सफ्युजनचा (खूप रक्त लागणार असं कळवणारा) कॉल जातो ना? त्याच कॉलमध्ये आयआरचं नाव घालून घ्या. म्हणजे बीपी ९० च्या खाली आणि पोट किंवा पेल्व्हिसची शंका असली की ब्लड बँक, सर्जन, भूल आणि आयआर या चौघांना एकाच वेळी फोन. आयआर आला आणि गरज लागली नाही तर तो परत जाईल. सहा महिने वेळा लिहून ठेवा, आधीच्या आणि नंतरच्या, दारात आल्यापासून रक्त थांबेपर्यंतच्या. मग रूम मागायची असेल तर हातात कागद असेल.

कॅथेटर_आणि_क्वाइल

आणि रात्री दोन वाजता उगाच बोलावलं म्हणून कुणी आयआर ओरडला तर त्याला माझी पहिली पोस्ट दाखव. आम्हाला उगाच बोलावलेलं चालतं. उशिरा बोलावलेलं चालत नाही.

रात्रपाळी_रेसिडेंट

कॉल लिस्टचं आजच चीफ रेसिडेंटशी बोललो सर, ते पण तयार आहेत, आयआरच्या विभागप्रमुखांकडे दोघं मिळून जातोय. वेळांची नोंद ठेवायला एक साधा तक्ता करतोय, त्यात दारात आल्याची वेळ, पहिली पिशवी, आयआरला फोन, शीथ, चीर, रक्त थांबल्याची वेळ आणि प्रत्येक टप्प्याला तापमान असं घेतलंय. अजून काही घालायला हवं का?

भूलवाली_ताई

आयोनाइज्ड कॅल्शियम आणि लॅक्टेट घाल. आणि पेशंट किती वेळा एका टेबलावरून दुसऱ्यावर हलवला, तो रकाना नक्की ठेव.